फळ आलं खरं, पण त्याच्या जागचं गेलं का?

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. माझं वय 46, उंची 155 सेंटिमीटर, वजन 71 किलो. दिवाळीनंतर मी रात्रीचं जेवण सोडलं आणि त्याऐवजी फक्त फळं खाऊ लागले. सुरुवातीला 3 किलो उतरले. मग काटा जो अडला तो अडलाच, उलट गेल्या महिन्यात किलोभर वाढलंय. जिममधला ट्रेनर म्हणतो, फळातली साखर थेट पोटाची चरबी होते. केळं, आंबा, चिकू, द्राक्षं, सीताफळ आधी बंद करा, खायचंच तर हिरवं सफरचंद खा. सासूबाई म्हणतात, फळं खाऊन कुणी लठ्ठ झालेलं आम्ही तरी पाहिलं नाही. आणि आमचे हे रोज संध्याकाळी पिशवीभर आंबे घेऊन येतात. ऐकू कुणाचं?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ट्रेनरचं थोडं खरं आहे, सासूबाईंचं जरा जास्त खरं आहे, पण तुमच्या ताटात डोकावून दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नाही. म्हणून तुमचं पत्र आल्यावर मी तुमच्याकडून तीन दिवसांचं सगळं खाणं, वाटी-चमच्याच्या मापासकट, लिहून मागवलं. तुम्ही काही न लपवता पाठवलंत. त्यातली मंगळवारची रात्र इथे देते, कारण ती एकट्या तुमची नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींची रात्र अशीच असते.

साडेसात वाजता : एक मोठा आंबा, दोन केळी, वाटीभर द्राक्षं, चार खजूर, दहा काजू, वरून मोठा चमचाभर मध आणि चाट मसाला. साडेदहा वाजता : ‘थोडे’ सेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे. अवतरणचिन्हं तुमचीच आहेत, आणि ती तुम्ही घातलीत म्हणजे गडबड कुठे आहे ते तुम्हाला आधीच कळलेलं आहे.

आता हिशेब. आंब्याचा गर अडीचशे ग्रॅम धरला तर 150 कॅलरी. दोन केळी, 180. द्राक्षं दीडशे ग्रॅम, 100. इथवर ताजी फळं झाली आणि बेरीज 430. चार खजुरांच्या 90, दहा काजूंच्या पंच्याऐंशीच्या आसपास, मधाच्या 60. म्हणजे तुमचं ‘न जेवणं’ साडेसहाशे कॅलरींच्या पुढे गेलं. दोन फुलके, वाटीभर वरण, वाटीभर भाजी आणि चमचाभर तूप असं साधं जेवण घेतलं असतंत तर चारशे, फार तर साडेचारशे झाल्या असत्या. वर त्या जेवणानंतर साडेदहाला डब्याचं झाकण उघडायची गरज पडली नसती. सेव मूठभर म्हणजे 30 ग्रॅम धरली तरी दीडशेच्या वर कॅलरी आल्या. आपल्या इंदुरात मूठही जरा सैलच असते.

भूक साडेदहाला परत का आली, हे नीट पाहा. 600 ग्रॅम फळं खाल्लीत, पोट टम्म झालं. पण त्या ताटात प्रथिनं जवळजवळ नव्हतीच. बहुतेक फळांत 100 ग्रॅममागे 1 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. तुमच्या उंचीला साजेसं वजन 55 किलो धरलं तरी 45-46 ग्रॅम लागतात. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, रात्री फळं. एवढ्यात ती कुठून भरून निघणार? वयाच्या 46व्या वर्षी स्नायू तसेही हळूहळू कमी व्हायला लागतात. त्यात प्रथिनं तोडली की वजनातली जी घट दिसते तिच्यातला काही हिस्सा स्नायूंचा असतो. तो आपल्याला घालवायचा नाहीये.

मग सुरुवातीचे 3 किलो गेले कुठे? रात्रीच्या पोळ्या, भात, चटणी-लोणचं एकदम थांबलं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा थोडा साठा ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि प्रत्येक ग्रॅम साठा साधारण 3 ग्रॅम पाणी धरून बसतो. खाणं घटलं की साठा उतरतो, पाणी उतरतं, काटा खूश करतो. दिवाळीनंतरचे ते दिवस. चकल्या-करंज्याही संपल्या होत्या, हेही विसरू नका. फळांनी तेव्हा चमत्कार केला नव्हता आणि आता दगाही दिलेला नाही.

ट्रेनरच्या मुद्द्याकडे येते. तो हवेत बोलत नाहीये. फळांत ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज असतं, आणि फ्रुक्टोजचा बराचसा निकाल यकृतात लागतो. ते भरमसाट आणि पटापट आलं, शिवाय गरजेपुरतं खाणं आधीच झालेलं असलं, तर यकृत त्याची चरबी करतं. गोड पेयांवरच्या अभ्यासांत हे दिसलेलं आहे. पण त्यावरून सफरचंदाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. 600 मिलिलिटरच्या कोल्डड्रिंकच्या बाटलीत साठ-बासष्ट ग्रॅम साखर असते. तेवढी साखर सफरचंदातून मिळवायची तर चार मध्यम सफरचंदं चावून संपवावी लागतील. बाटली तुमचा भाचा राजवाड्यापासून घरी पोचेपर्यंत संपवतो. चार सफरचंदं एका बैठकीत संपवणारा मला अजून भेटायचा आहे.

चावणं हा यातला फार मोठा भाग आहे, आणि तो मोजून पाहिलेला आहे. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात 1977 साली एक छोटा प्रयोग छापून आला होता. त्याच लोकांना एकदा अख्खी सफरचंदं, एकदा सफरचंदाचा गर आणि एकदा रस दिला, तिन्हींत साखर तेवढीच. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने संपला. पोट भरल्याची जाणीव अख्ख्या फळाने सर्वांत जास्त दिली, रसाने सर्वांत कमी. पुढे 2009 मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात लोकांना जेवणाआधी सफरचंद खायला दिलं, तर त्या जेवणात, सफरचंद धरूनही, काही न खाता जेवायला बसण्यापेक्षा 15 टक्के कमी कॅलरी गेल्या. रस पिऊन बसले तेव्हा तसं झालं नाही.

आणि सासूबाईंच्या बाजूचा पुरावा हवा असेल तर अमेरिकेत 1 लाख 33 हजार स्त्री-पुरुषांच्या खाण्याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या, त्याचा निष्कर्ष 2015 मध्ये आला. ज्यांनी रोजच्या खाण्यात एक फळ वाढवलं त्यांचं वजन चार वर्षांत सरासरी पाव किलोच्या आसपास कमी भरलं. सफरचंद, नासपती आणि स्ट्रॉबेरी-ब्लूबेरीसारखी फळं खाणाऱ्यांचं जरा जास्त. पाव किलो, तेही चार वर्षांत! फळ वजन वाढवत नाही एवढं यातून मानायला हरकत नाही. फळ वजन वितळवतं असं मात्र कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. त्या लोकांच्या बाबतीत बहुधा एवढंच झालं असेल, की एक फळ आलं आणि दुसरं काहीतरी ताटातून गेलं. तुमच्या ताटात फळं आली, पण सेव तिथेच राहिली, मध आणि खजूर नव्याने आले आणि वरण गेलं. जायला हवं होतं ते बसून राहिलं आणि राहायला हवं होतं ते गेलं.

खजुराबद्दल दोन शब्द. सुकवलेलं फळ म्हणजे पाणी काढून टाकलेलं फळ. 100 ग्रॅम ताज्या द्राक्षांत 70 च्या आत कॅलरी, तेवढ्याच वजनाच्या मनुकांत जवळजवळ 300. खजूर, अंजीर, जर्दाळू वाईट नाहीत. पण ते ‘वरून घालायचे’ पदार्थ नव्हेत, दोन खाल्ले की एक फळ खाल्ल्यासारखं मोजा. मधाला मात्र मी कुठलीच सवलत देत नाही. सकाळच्या कोमट पाण्यातून घेतला तरी ती साखरच, आणि लिंबू पिळल्याने ती कमी होत नाही.

आता तुमच्या यादीतल्या बदनाम फळांविषयी. केळं 100 ग्रॅमला 90, चिकू 83 च्या आसपास, आंबा 60-65, सीताफळ शंभराच्या घरात. सफरचंद 52, संत्रं 47, पपई 43, टरबूज 30. फरक आहे, पण केळ्याऐवजी सफरचंद खाल्ल्याने जे 30-40 वाचतात ते एका छोट्या चमच्याच्या तुपाएवढे. एवढ्यासाठी बुऱ्हाणपूरचं चांगलं केळं सोडून महागडं हिरवं सफरचंद आणायला मी तरी सांगणार नाही. सीताफळाची तर मला विशेष बाजू घ्यायची आहे. हे असं फळ आहे जे घाईने खाताच येत नाही. पाकळी तोंडात घ्यायची, बी जिभेने सोडवायची, बाजूला काढायची, मग पुढची पाकळी. एक मध्यम सीताफळ संपवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस दोन कचोऱ्या संपवतो. त्याच सीताफळाची रबडी होऊन सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत कुल्हडात आली, की बिया गेल्या, वेळ गेला, आटवलेलं दूध आणि साखर आली. तिला फळांच्या हिशेबात धरू नका, मिठाईच्या धरा. खाऊ नका असं म्हणत नाहीये. सराफ्याला महिन्यातून एकदा जाणाऱ्या माणसाला मी कधीच अडवत नाही. रोज जाणाऱ्याने मला पत्र लिहिण्यात अर्थ नाही.

आंब्याचंही तसंच. अक्षय्य तृतीयेपासून आपल्या मराठी घरांत आमरस सुरू होतो. दोन वाट्या रस, त्यात साखर, वरून तूप, सोबत पाच पुऱ्या. एक पुरी शंभर कॅलरींच्या आसपास. आणि उन्हाळ्याअखेर वजन वाढलं की नाव आंब्याचं! आंबा कापून, फोडी करून, सालीला लागलेला गर दातांनी ओढत खा. एक मध्यम आंबा, दिवसातून एकदा, दुपारी चारच्या चहाबरोबरच्या खाऱ्याच्या जागी. (अलीराजपूरकडचा, कट्ठीवाड्याचा नूरजहाँ कुणी भेट म्हणून आणला तर हा नियम लागू नाही. त्याचं एकच फळ दोन किलोच्या पुढे जातं, ते अख्ख्या बिऱ्हाडाला वाटा.)

ज्यूसबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण शनिवारच्या पानावर ‘मोसंबी ज्यूस, मोठा’ असं लिहिलंय म्हणून सांगते. माझ्या दवाखान्याच्या खाली एक ज्यूसवाला आहे, माणूस सज्जन. चार-पाच मोसंब्या सोलून यंत्रात टाकतो. एका तोंडातून रस ग्लासात, दुसऱ्यातून चोथा खालच्या पत्र्याच्या डब्यात. मग वाकून स्टीलच्या डब्यातली साखरेची चाशनी, एक पळी, कधी दीड. काळं मीठ, बर्फ. गिऱ्हाईक उभ्या उभ्या, मोबाईल कानाला लावून, अर्ध्या मिनिटात ग्लास रिकामा करतं. संध्याकाळी तो पत्र्याचा डबा गाईंसमोर उपडा होतो. पोट भरणारा भाग त्या डब्यात गेलेला असतो. त्याला ‘चाशनी मत डालना भैया’ एवढं म्हटलं तर तो घालत नाही, पण चार मोसंब्यांचा रस उरतोच. एक मोसंबी घरी सोला आणि फोडी चावून खा.

तुमच्यासाठी नेमकं काय, ते लिहिते. रात्रीचं जेवण परत सुरू करा. दोन फुलके, घट्ट वरण किंवा मोडाची उसळ किंवा पनीर, आणि भाजी वाटीभर नव्हे, दोन वाट्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्याकडे फळांवर वाद घालताना भाजीचा भाग सगळे विसरतात. फळ दिवसातून दोनदा, एका वेळी एक : सकाळी पोह्यांनंतर अकराच्या सुमाराला एक आणि दुपारी चारला एक. पोह्यांवर डाळिंबाचे चार दाणे पडले ते फळ म्हणून मोजू नका. चारच्या फळाबरोबर चहा घ्या, पण सेव-परमलचा डबा आत ठेवा. जीरावन, म्हणजे आपला पोह्यांवरचा मसाला, हवं तर फळावर भुरभुरा, त्याला कॅलरी नसल्यातच जमा. रक्तदाब असेल तर मिठाकडे लक्ष ठेवा. काजू पाच, तेही नोंदवून.

अजून एक. तुमच्या उंची-वजनावरून बीएमआय साडेएकोणतीस येतो. आपल्या लोकांसाठी 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याला मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरच गाठतात. बायकांच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत हवा. म्हणून एकदा थायरॉईड, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या. थायरॉईड खाली असेल तर काटा न हलण्यात त्याचाही हात असू शकतो, आणि मग आंब्यावर चिडून उपयोग नाही. यजमानांना सांगा, पिशवी आणा, पण त्यात निम्मी गिलकी-दोडकी असू द्या.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षक, वय 63. दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. घरात मला फक्त जाम (पेरू) आणि जांभळं मिळतात. आंब्याची फोड मागितली तर नातवंडंसुद्धा ओरडतात. वजनही थोडं कमी करायचं आहे. फळं म्हणजे आमच्यासाठी विषच का?
— लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : सर, विष नाही. डेन्मार्कमध्ये नव्याने मधुमेह झालेल्या 63 जणांवर एक प्रयोग झाला होता, 2013 साली छापून आला. निम्म्यांना सांगितलं रोज किमान दोन फळं खा, उरलेल्यांना सांगितलं दोनपेक्षा जास्त खाऊ नका. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांची तीन महिन्यांची सरासरी साखर सुधारली होती, वजनही दोघांचं उतरलं होतं, आणि दोन्हींत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. प्रयोग छोटा आहे आणि ते रुग्ण नवे होते, तुमची दहा वर्षं झाली आहेत. तेव्हा ‘ताईंनी परवानगी दिली’ म्हणून आमरसाच्या वाटीकडे वळू नका.

तुमच्यासाठी घरातल्या घरात करता येण्यासारखी परीक्षा आहे. ग्लुकोमीटर आहे असं पत्रात लिहिलंय, त्याचा उपयोग करा. आंब्याच्या दोन फोडी, शंभर ग्रॅमच्या आत, जेवणात एक पोळी कमी करून खा आणि दोन तासांनी साखर बघा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण आंब्याशिवाय, पोळी पूर्ववत. दोन्ही आकडे कागदावर लिहून नातवंडांपुढे ठेवा. फार फरक आला नाही तर ओरडा थांबेल, आला तर त्यांचं ऐका. जाम उत्तमच, चोथा भरपूर. जांभळंही खा. पण जांभळाच्या बियांची पूड घेता म्हणून गोळी चुकवता असं कुठे होत नाहीये ना? पूड गोळीची जागा घेत नाही. गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनीच.

आणि क्रिएटिनिन कधी तपासलंत? मूत्रपिंडं अशक्त झाली असतील तर केळं, संत्रं, नारळपाणी यांतलं पोटॅशियम त्रासदायक ठरू शकतं, मग फळांची यादी डॉक्टरांकडूनच करून घ्यावी लागते. अशा माणसाने शाळेबाहेरच्या ठेल्यावरची ती चांदणीसारखी आंबट-गोड कमरख (स्टारफ्रूट) तर तोंडातही घालू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांत ती मेंदूवर गंभीर परिणाम करते, जिवावर बेतल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. निरोगी मुलांनी एखादी फोड खाल्ली तर घाबरायचं कारण नाही.

प्रश्न : ताई, माझं डिसेंबरात लग्न आहे. मैत्रिणीने सात दिवस फक्त फळं खाऊन 4 किलो कमी केले. मी दिवाळी झाली की करू का? वय 25, वजन 62, उंची 160.
— ग्वाल्हेर

उत्तर : नको. मैत्रिणीचे ते 4 किलो म्हणजे बरंचसं पाणी. वर रामबागच्या ताईंना ग्लायकोजेनचं सांगितलंय ते वाच. आठव्या दिवशी ती वरण-भात जेवली असेल तेव्हा त्यातलं निम्मं परत आलं असणार, हे तिने तुला सांगितलंय का विचार. सात दिवस मीठ, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ जवळजवळ बंद ठेवून लग्नाच्या तोंडावर चक्कर, चिडचिड आणि पोट बिघडणं, हे कुठल्या मुलीला हवंय? तुझा बीएमआय 24 च्या आसपास आहे, म्हणजे आपल्या मापाने किंचित जास्त, घाबरण्यासारखं काही नाही. आतापासून संध्याकाळचं नमकीन आणि रोजचा शेक बंद कर, त्या जागी एक फळ आणि मूठभर भाजलेले चणे घे, तासभर चाल. डिसेंबरपर्यंत 3-4 किलो सहज जातील आणि ब्लाऊजचं माप दोनदा द्यावं लागणार नाही. केळवणं सुरू झाली की माझं काही चालणार नाही, ते मला ठाऊक आहे.

प्रश्न : जेवणावर फळ खाल्लं की ते पोटात सडतं, सूर्यास्तानंतर खाल्लं की चरबी होते, दुधाबरोबर खाल्लं की विष होतं. मोबाईलवर रोज यातलं काहीतरी येतं. खरं-खोटं सांगा.
— स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : सडत नाही. जठरात इतकं तीव्र आम्ल असतं की तिथे काही सडायला सवडच मिळत नाही. ज्यांना जेवणावर फळ खाल्लं की फुगल्यासारखं वाटतं त्यांनी दोन तासांनी खावं, बस. शरीर घड्याळ बघून साखरेची चरबी करायला घेत नाही. रात्रीच्या फळाची अडचण एवढीच, की ते बहुधा पूर्ण जेवणावर वरून येतं. दुधाचं म्हणाल तर आयुर्वेदात दूध आणि फळं, विशेषतः आंबट, एकत्र घेऊ नयेत असं आहे, आणि ज्यांच्या घरी ते पाळतात त्यांनी खुशाल पाळावं. वजनाच्या बाजूने माझी हरकत वेगळी आहे. फ्रूट क्रीम आणि शेकमध्ये फळ नावाला असतं. क्रीम, साखर आणि आइस्क्रीमचा गोळा हेच मुख्य.

प्रश्न : चतुर्थी, एकादशी, सोमवार असे माझे महिन्यातून बरेच उपास होतात. तरी वजन वाढतंच आहे.
— सुदामानगर, इंदूर

उत्तर : उपासाला काय खाता ते लिहिलं नाहीत, पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा, शेंगदाण्याचा लाडू यांतलं काही असणार. कोरडा साबुदाणा 100 ग्रॅमला 350 कॅलरी, वर दाण्याचं कूट आणि तूप. आमच्याकडे तर खिचडीवर फराळी चिवडा भुरभुरून देतात. खिचडी एकदाच, लहान वाटीभर ताकाबरोबर घ्या आणि बाकीच्या वेळी खरोखरचं फळ खा. पपई, टरबूज, संत्रं, जे असेल ते, सोबत वाटीभर दही. महिन्यातले तेवढे दिवस नीट गेले तरी फरक दिसेल.

प्रश्न : तुम्ही सगळे फळं खा सांगता. किवी, ड्रॅगन फ्रूट, ॲव्होकॅडो कुणाला परवडतं? आमच्या घरी पाच माणसं आहेत.
— एक गृहिणी, मल्हारगंज, इंदूर

उत्तर : मी यातलं एकही कधी सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. ॲव्होकॅडो तर 100 ग्रॅमला 160 कॅलरी, तो स्निग्ध पदार्थांत मोजायचा. किवीचं कौतुक क जीवनसत्त्वासाठी होतं. किवीत ते 100 ग्रॅमला नव्वदेक मिलिग्रॅम, आपल्या जामात 200 च्या पुढे. थंडीत जाम आणि बोरं, मग संत्री, उन्हाळ्यात टरबूज-खरबूज आणि आंबे, पावसाच्या तोंडावर जांभळं, दिवाळीच्या आगेमागे सीताफळं. केळं आणि पपई बारा महिने. ज्या महिन्यात जे ठेल्यावर ढिगाने दिसतं तेच स्वस्त असतं. पाच माणसं असतील तर आठवड्यातून एकदा चोइथराम मंडीतून घाऊक आणा. थोडी कच्ची, थोडी पिकलेली अशी निवडा म्हणजे शनिवारी आणलेलं बुधवारपर्यंत पुरतं. डाग पडलेली केळी ठेलेवाला अर्ध्या भावात देतो, ती त्या दिवशी खाण्यासाठी अगदी चांगली असतात.

जाम बियांसकट खा. मधला बियांचा भाग कोरून टाकून नुसती कड खाणारी बरीच मंडळी माझ्याकडे येतात, आणि वर विचारतात, पोट साफ का होत नाही. दातांचा त्रास असेल तर जामाऐवजी पपई घ्या.